बसतं म्हणजे जुळतं असं नाही

“बसतंय ना? मग चालतंय.”

हे वाक्य मी मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या काउंटरवर ऐकलं आहे, नाशिकच्या दुकानांत ऐकलं आहे आणि अलीकडे तंत्रनिकेतनातल्या माझ्याच विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकू लागले आहे. कमी पैशांत गेमिंगसाठी कॉम्प्युटर जोडायचा तर काय करावं, याचं आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर झालं आहे. सगळे पैसे ग्राफिक्स कार्डात घाला, बाकी काहीही चालतं, सॉकेट तेवढं बघा. भाग बसला म्हणजे जुळला. हा सल्ला चुकीचा आहे. त्याची किंमत ज्याच्याकडे सगळ्यात कमी पैसे आहेत तोच भरतो, म्हणून तो खोडून काढायला हा लेख.

आधी समोरची बाजू नीट मांडते, कारण तिच्यात तथ्य आहे. १९९५ साली इंटेलने एटीएक्सची मापं ठरवली. तेव्हापासून मदरबोर्डाची भोकं, कॅबिनेटचे स्क्रू आणि एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा, आकार यांचं आपसांत जमत आलं आहे. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही रॅमना २८८ पिनाच असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. एकीच्या जागी दुसरी जातच नाही. पीसीआय एक्सप्रेसचं नव्या पिढीचं कार्ड जुन्या पिढीच्या स्लॉटमध्ये चालतं. चुकीचं लागूच नये अशी तजवीज बनवणाऱ्यांनीच केली आहे, मग गिऱ्हाइकाने डोकं का शिणवावं, असा हा युक्तिवाद आहे. शिवाय काउंटरपलीकडच्या माणसाने अशी शेकडो मशिनं उभी केलेली असतात.

त्या अनुभवाला मी कमी लेखत नाही. पण खाच आणि पिना एवढंच सांगतात की भाग आत जाईल. घातलेल्या पैशांचं काम तो देईल का, हे त्या सांगत नाहीत. आत गेलेला भाग शेजारच्या भागाला जाळू शकतो, हे तर मुळीच सांगत नाहीत.

सॉकेटपासूनच सुरू करू, कारण सगळा भरवसा त्याच्यावर आहे. इंटेलचे सहाव्या आणि सातव्या पिढीचे प्रोसेसर एलजीए ११५१ सॉकेटचे होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये आठवी पिढी आली. सॉकेटचं नाव तेच, जागा तीच. आय५-८४०० जुन्या एच११० बोर्डावर ठेवा, अलगद बसेल. चालू मात्र होणार नाही, कारण त्याला ३०० मालिकेचा चिपसेट लागतो. जुन्या मालाच्या बाजारात हे दोन्ही भाग आजही मिळतात, आणि दोन वेगळ्या विक्रेत्यांकडून ते घेऊन आलेला मुलगा माझ्या प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिलेला मी पाहिला आहे. दोन्ही विक्रेत्यांनी त्याला खोटं सांगितलं नव्हतं. सॉकेट खरंच एक होतं.

एएमडीच्या एएम४ सॉकेटचं वेगळं आहे. ते दीर्घायुषी निघालं आणि त्याचा मला मनापासून आदर आहे. पण बी४५० चिपसेट २०१८ चा आणि रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर २०२२ चा. बायॉस, म्हणजे मशिन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर, नवी असेल तर जोडी उत्तम. बोर्ड खोक्यात जुन्या बायॉससह पडून असेल तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पडदा काळाच राहतो. बायॉस बदलायला जुना प्रोसेसर लावावा लागतो, किंवा पेन ड्राइव्हवरून बायॉस घेणारं फ्लॅशबॅकचं बटण बोर्डावर असावं लागतं. दुकानात मागून घेतलं तर हे थोड्या मिनिटांचं काम आहे. घरी एकट्याने जुळणी करणाऱ्या मुलाचा आठवडा जातो आणि प्रोसेसर खराब निघाला असं समजून तो रडकुंडीला येतो.

हे निदान चालू न होऊन स्वतःला उघडं तरी पाडतं. जे चालू होतं आणि गुपचूप पैसे खातं ते जास्त वाईट. जानेवारी २०२२ मध्ये एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी हे ग्राफिक्स कार्ड आलं. स्लॉट नेहमीचा लांबलचक, पण कार्डाच्या प्रत्यक्ष वापरातल्या वाटा, ज्यांना लेन म्हणतात, त्या फक्त चार. पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीत या चार वाटांवरून सेकंदाला साधारण ८ गिगाबाइट माहिती जाते, तिसऱ्या पिढीत ४. कार्डावर मेमरी ४ जीबीच. नव्या गेमच्या टेक्स्चरांना ती अपुरी पडली की कार्ड मुख्य रॅमकडे धाव घेतं आणि नेमका तिथेच रस्ता निम्मा झालेला असतो. म्हणजे हे कार्ड चौथ्या पिढीच्या बोर्डावर आणि प्रोसेसरवरच लावायला हवं. आता स्वस्तातल्या जुळण्या पाहा. ए५२० बोर्ड तिसऱ्या पिढीचा. बी४५० तिसऱ्या पिढीचा. बोर्ड बी५५० घेतला आणि त्यावर पैसे वाचवायला रायझन ५ ५५०० लावला, तरी तो प्रोसेसर स्वतःच तिसऱ्या पिढीच्या वेगाने बोलतो. ज्यांना हे कार्ड परवडतं त्यांच्याकडे त्याला साजेसा बोर्ड बहुधा नसतो. ज्यांच्याकडे बोर्ड आहे ते हे कार्ड घेत नाहीत. शिवाय या कार्डात व्हिडिओ एन्कोड करणारा भागच नाही, म्हणून खेळताना रेकॉर्डिंग करू पाहणाऱ्या मुलाचा भार प्रोसेसरवर पडतो. हे सगळं स्पष्ट छापलेलं असतं. काउंटरवर कोणी वाचून दाखवत नाही.

आणि आता जाळणारी गोष्ट. मॉड्युलर एसएमपीएसला सुट्या वायरी लावता येतात. डिस्कच्या किंवा कार्डाच्या बाजूचं टोक सगळीकडे ठरलेल्या मापाचं असतं. एसएमपीएसच्या बाजूचं टोक कसं असावं याला मात्र सर्वमान्य नियम नाही. दोन कंपन्यांची टोकं दिसायला सारखी असू शकतात, एकमेकांत घट्ट बसू शकतात, आणि आत १२ व्होल्ट आणि ५ व्होल्टच्या पिनांची अदलाबदल झालेली असू शकते. जुनी वायर नव्या एसएमपीएसला लावली, बटण दाबलं, आणि डिस्कच्या ५ व्होल्टच्या भागात १२ व्होल्ट शिरले. डिस्क गेली, तिच्यातले चार वर्षांचे फोटो गेले. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही हा फरक असू शकतो. बसण्यावर विश्वास ठेवणाऱ्याला मी पहिल्यांदा हेच उदाहरण देते, कारण इथे बसणं हाच सापळा आहे.

बाकीच्या ठिकाणी नुकसान लहान असतं म्हणून भरभर सांगते. एम.टू एसएसडी दिसायला सारख्याच असतात, पण एक साटा जातीची, दुसरी एनव्हीएमई. स्लॉट कोणती घेतो ते बोर्डाच्या पुस्तिकेत बघावं लागतं. काही बोर्डांवर एम.टू लावली की साटाचे एक-दोन पोर्ट बंद पडतात. १६ जीबी रॅम एका पट्टीत घेण्याऐवजी ८-८ च्या दोन घ्याव्यात, कारण दोन पट्ट्यांनी प्रोसेसरला रॅमकडे जाणारे दोन रस्ते मिळतात. आणि ३२०० लिहिलेली रॅम बायॉसमध्ये एक्सएमपी चालू करेपर्यंत बहुतेक वेळा त्याहून कमी वेगानेच चालते. विकत घेतलेला वेग न वापरता वर्षानुवर्षं चाललेली मशिनं मी किती पाहिली असतील त्याची गणती नाही. ग्राफिक्स कार्ड असूनही मॉनिटरची वायर मदरबोर्डाच्या पोर्टला लावलेलीही पाहिली आहेत.

आता एसएमपीएस. इथे मी थांबणार आहे, कारण ‘बाकी काहीही चालतं’ या वाक्याचा सगळ्यात मोठा बळी इथेच जातो.

निफाडकडचा एक विद्यार्थी. वडिलांनी कांद्याच्या पैशांतले काही दिले, काही त्याने सुट्टीत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात राबून जमवले. एकूण ५२ हजार. रायझन ५ ५६०० आणि आरएक्स ६६००, म्हणजे निवड शहाणपणाची. कॅबिनेट काचेची, चार रंगीत पंख्यांची, आणि तिच्यासोबतच आलेला एसएमपीएस. वर मोठ्या अक्षरात ५०० वॅट. तीन महिने चाललं. मग जड गेममध्ये मोठा स्फोट झाला किंवा गर्दी आली की मशिन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं. विंडोज नव्याने टाकली. रॅम बदलून पाहिली. ग्राफिक्स कार्ड वॉरंटीत पाठवलं, तीन आठवड्यांनी ते ठणठणीत आहे म्हणून परत आलं. एका संध्याकाळी जळका वास आला. एसएमपीएस गेला आणि जाताना मदरबोर्ड घेऊन गेला.

तो डबा मी बाकावर घेतला. बाजूच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: १२ व्होल्ट, १६ अँपिअर. गुणाकार करा, १९२ वॅट. आजच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही दोन्ही मोठी तोंडं १२ व्होल्टवरच खातात. आरएक्स ६६०० चा ठरलेला वापर १३२ वॅट, ५६०० चा टीडीपी ६५ वॅट, आणि क्षणभराची उसळी त्याहून वर जाते. बेरीज १९७. वरचा ५०० चा आकडा ३.३ आणि ५ व्होल्टच्या रांगा धरून, ताणून केलेला होता, आणि त्या रांगांचं या मशिनला फारसं काम नव्हतं. आत जादा प्रवाह आला तर तोडणारं संरक्षण नावालाही नव्हतं. एसएमपीएसवर साधारण अडीच हजार वाचले होते. बोर्ड आणि नवा एसएमपीएस मिळून साडेनऊ हजार गेले.

यावर दुकानदाराचं उत्तर ठरलेलं आहे आणि ते प्रामाणिक आहे: याच एसएमपीएसवर आमची हजारो मशिनं चालली. चालली असणारच. ती कुठली मशिनं? बिलिंगच्या काउंटरवरची, शाळेच्या कार्यालयातली, टायपिंगच्या क्लासमधली. त्यांत वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, सगळं मशिन मिळून शंभर वॅटही ओढत नाही. त्या भारावर मिळवलेला अनुभव दुप्पट-तिप्पट भाराच्या मशिनला लावला जातो, तिथे चूक होते.

याच्या उलट टोकाचाही सल्ला मी मान्य करत नाही. ‘काळजी नको, ७५० वॅटचाच घे,’ असं म्हणणारेही आहेत. वरच्या जुळणीला चांगल्या बनावटीचा ४५० किंवा ५५० वॅटचा एसएमपीएस भरपूर होतो. वॅटचा मोठा आकडा विकत घेऊन बनावट हलकी राहिली तर काहीच कमावलं नाही. ‘८० प्लस’चं चिन्ह पाहून निश्चिंत होणाऱ्यांनाही सांगते: २००४ पासूनचं हे चिन्ह विजेची बचत मोजतं. संरक्षणाची साधनं आत आहेत की नाहीत, याच्याशी त्याचा संबंध नाही. कागदावर १२ व्होल्टचे अँपिअर बघा, आणि हा भार किती तापमानाला झेपतो ते बघा. २५ अंशांना दिलेली हमी मे महिन्यात नागपूरच्या किंवा जळगावच्या पत्र्याखालच्या खोलीत पाळली जाणार नाही.

आणि घराची वीज? जुळणीच्या चर्चेत तिचं नावच निघत नाही, जणू मशिन हवेवर चालणार आहे. अर्थिंग नसलेल्या घरात कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींशी आणि पत्र्याशी जोडलेले असतात. तिसरी पिन मोकळी राहिली की पत्रा २३० च्या निम्म्या व्होल्टवर तरंगतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण त्याच पत्र्याला टेकून मूल पेन ड्राइव्ह लावत असतं. तीन पिनांचं दोन पिनांत करणारं कन्व्हर्टर जिथे वापरलं जातं तिथे आधी वायरमनला बोलवा, मग ग्राफिक्स कार्ड निवडा. यूपीएसही जुळवावा लागतो. ६०० व्हीएचा बाजारातला नेहमीचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच भार घेतो. वर सांगितलेलं मशिन मॉनिटरसह त्यात बसतं. मोठं कार्ड घेतलंत की नेमकी वीज गेल्यावर यूपीएसच मान टाकतो.

दुसरं मोठं मिथक जुन्या आय-सेव्हनचं. ‘आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ५१२ ची एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स, गेमिंग पीसी.’ अशा पाट्या प्रत्येक शहरात लागलेल्या आहेत, आणि किंमत पाहून बापाचा जीव भांड्यात पडतो. त्यांच्या बाजूने मांडलं जातं ते असं: आय-सेव्हन तो आय-सेव्हनच, नव्या आय-थ्रीपेक्षा कधीही भारी.

हे सरळ खोटं आहे. आत बहुधा निघतो तो आय७-२६०० किंवा आय७-३७७०. पहिला जानेवारी २०११ चा, दुसरा २०१२ चा. चार कोअर, आठ थ्रेड. जानेवारी २०२२ मधला आय३-१२१००एफ घ्या: त्यालाही चार कोअर, आठ थ्रेड, आणि एकेका कोअरच्या कामात तो २६०० च्या दुपटीच्या आसपास जातो. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन हा त्या त्या वर्षाच्या वर्गातला क्रमांक आहे. २०११ च्या वर्गातला वरचा आणि २०२२ च्या वर्गातला खालचा यांची तुलना त्या आकड्यावरून होत नाही. जुन्या दोघांत एव्हीएक्स२ नावाचा सूचनासंच नाही, आणि काही नवे गेम त्याच्याशिवाय सुरूच होत नाहीत. विंडोज ११ ला इंटेलची निदान आठवी पिढी लागते. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतात. म्हणजे ज्या गेमसाठी मुलाने हट्ट धरला, तोच गेम या मशिनवर उद्या चालेल का याचा भरवसा नाही. रॅमही डीडीआर३, पुढच्या कुठल्याच बोर्डाला न लागणारी.

आणि ते ‘४ जीबी ग्राफिक्स’? बहुतेक वेळा २०१४ सालचं जीटी ७३०. मेमरीचा आकडा हा गोदामाचा आकार आहे. गोदामाचं दार केवढं, हे कोणी विचारत नाही. डीडीआर३ मेमरीच्या ६४ बिट प्रकारात त्या दारातून सेकंदाला १५ गिगाबाइटही जात नाहीत. आरएक्स ६६०० मध्ये २२४ जातात. हे जीटी ७३० ज्या केप्लर पिढीतलं आहे, त्या पिढीच्या कार्डांसाठी गेमचे नवे ड्रायव्हर काढणं एनव्हिडियाने २०२१ मध्येच थांबवलं. हे कार्ड दोन मॉनिटर लावून हिशेब लिहायला ठीक आहे. त्यावर गेमिंगचं लेबल लावून ते अकरावीतल्या मुलाला विकणं ही फसवणूक आहे, आणि ती विकणाऱ्याला ठाऊक असते.

मी जुन्या मालाच्या विरोधात नाही. चालवून पाहिलेलं, ताण देऊन तपासलेलं जुनं ग्राफिक्स कार्ड हा कमी बजेटमधला सगळ्यात चांगला सौदा असू शकतो. जुना एसएमपीएस मात्र मी कुणालाही घेऊ देत नाही.

आता मूळ दाव्याकडे: सगळे पैसे ग्राफिक्स कार्डात. यातला खरा भाग असा की सायबरपंक २०७७ सारखे दृश्यांनी भरलेले गेम खेळायचे तर बजेटचा मोठा हिस्सा कार्डाकडेच गेला पाहिजे. तिथे माझं भांडण नाही. पण आपली बहुतेक मुलं काय खेळतात? व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २. या गेममध्ये १०८० च्या पडद्यावर फ्रेमचा आकडा बऱ्याचदा प्रोसेसर आणि रॅम ठरवतात. तिथे महागडं कार्ड घेऊन सोबत एकच पट्टी रॅम आणि दहा वर्षं जुना प्रोसेसर लावला, तर कार्ड रिकामं बसून राहतं. आणि पडदा कोणता? ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रंच दाखवतो. मशिन २०० फ्रेम काढत असेल तर हात लावल्यावरचा प्रतिसाद थोडा सुधारेल, पण डोळ्यांना साठच दिसणार. अशा मुलाने कार्डावरचे चार-पाच हजार उचलून १४४ हर्ट्झच्या मॉनिटरमध्ये टाकावेत. उलट १४४० चा पडदा घेतलात तर वीस लाखांऐवजी सदतीस लाखांच्या आसपास ठिपके रंगवायचे असतात, तेव्हा ओझं पुन्हा कार्डावर येतं. पडदा आणि गेम आधी ठरल्याशिवाय कार्डाचा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. प्रोसेसर आणि कार्डाची नावं घालून ‘बॉटलनेक इतके टक्के’ असं उत्तर देणारे हिशेबही म्हणूनच निरुपयोगी आहेत. गेम बदलला की तो टक्का बदलतो.

यानंतर नेहमी येणारा मुद्दा भविष्याचा: एएम५ घे, पुढे वाढवता येईल. या बाजूचे लोक एएम४ चा दाखला देतात आणि तो दाखला भक्कम आहे. २०१८ मध्ये बी४५० वर रायझन ५ २६०० लावणाऱ्याने २०२२ नंतर बायॉस बदलून त्याच बोर्डावर रायझन ७ ५८००एक्स३डी लावला. एएमडीने एएम५ ला २०२७ आणि त्यापुढेही चालवू असं जाहीर केलं आहे. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला मी हेच सुचवीन. पण एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते, आणि २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतल्यापासून रॅमचे भाव कुठे गेले ते खरेदीला निघालेल्या कुणालाही विचारा. घरात जुन्या मशिनमधल्या डीडीआर४ च्या दोन चांगल्या पट्ट्या असतील तर आज एएम४, किंवा डीडीआर४ घेणाऱ्या बोर्डावर आय५-१२४००एफ, ही माघार नव्हे. इंटेलचं एलजीए १७०० सॉकेट चौदाव्या पिढीवर थांबलं, हे खरं आहे. पण ज्या घरात पुढचा भाग घ्यायला पाच वर्षं लागणार आहेत, तिथे पाच वर्षांनी बोर्डही बदलणारच. आजच्या खेळातून कापून उद्याच्या शक्यतेत पैसे घालायला लावणं हा श्रीमंताचा सल्ला आहे, आणि तो कमी बजेटच्या मुलाला सरसकट दिला जातो.

लॅपटॉपच घ्या म्हणणाऱ्यांना एका वाक्यात: वसतिगृहात राहणाऱ्याला लॅपटॉप, घरी टेबल असणाऱ्याला नाही, कारण लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड बिघडलं तर ते काढून दुसरं लावता येत नाही.

या सगळ्याला उत्तर म्हणून मला सांगितलं जातं की सामान्य माणसाला एवढं कळणं शक्य नाही, म्हणून त्याने दुकानदारावर सोडावं. मला हे मान्य नाही. नववीत ओहमचा नियम शिकलेल्या मुलाला व्होल्ट गुणिले अँपिअर जमतं. अडचण समजुतीची नाही, माहिती हातात न येण्याची आहे. आपल्याकडचं कोटेशन हातात घेऊन बघा. ‘प्रोसेसर रायझन ५. मदरबोर्ड बी४५०. रॅम १६ जीबी. एसएसडी ५१२. ग्राफिक्स ८ जीबी. एसएमपीएस ५०० वॅट. कॅबिनेट गेमिंग.’ यात एकाही भागाचं पूर्ण नाव नाही. रायझन ५ म्हणजे ५५०० की ५६००, ते नाही. रॅम एका पट्टीत की दोन, ते नाही. ८ जीबी कोणत्या कार्डाची, ते नाही. एसएमपीएस कोणी बनवला, ते तर नाहीच. असा कागद जुळवून पाहताच येत नाही, कारण त्यात जुळवायला काही लिहिलेलंच नाही. आणि त्याच कागदाखाली सांगितलं जातं की बिल नको असेल तर जीएसटीचे १८ टक्के सुटतील. मग दोन वर्षांनी कार्ड बिघडलं, वॉरंटी तीन वर्षांची असली, तरी हातात दाखवायला काही नाही.

माझी मागणी एवढीच आहे, आणि ती विकणाऱ्यांकडे आहे: प्रत्येक भागापुढे कंपनी आणि पूर्ण मॉडेल नंबर लिहा. त्याला कुठलंही यंत्र लागत नाही, जादा पैसा लागत नाही. ज्यांचा माल सरळ आहे त्यांना यात अडचण येऊ नये. लॅमिंग्टन रोडवर असं लिहून देणारे आहेत. मागितलं तर बोर्डाची बायॉस समोर बदलून देणारे, कुरकुर न करता मशिन तासभर चालवून दाखवणारे आहेत. त्यांच्याकडे जाण्यासाठी माझे विद्यार्थी पहाटे उठून पंचवटी एक्सप्रेसने दादर आणि तिथून ग्रँट रोड गाठतात. हा प्रवास त्यांना करावा लागू नये असं मला वाटतं.

गेल्या महिन्यात दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा कोटेशन घेऊन आला. ५५ हजार, उद्या आगाऊ रक्कम भरायची म्हणाला. कागदावर सातवी ओळ होती, ‘एसएमपीएस ५०० वॅट’. मी पेनने त्या ओळीपुढे रिकामी जागा आखली, दुसरी आखणी प्रोसेसरपुढे, तिसरी ग्राफिक्सपुढे, आणि त्याला परत पाठवलं. तिन्ही जागा भरून आणल्या की आगाऊ रकमेचं बोलू, असं ठरलं आहे. दोन भरून आल्या आहेत. एसएमपीएसची अजून नाही.